परातीवरची पसंती

आमच्या विज्ञान केंद्रात लोक विज्ञान पाहायला येतात असं ज्याला वाटत असेल, त्याने एक रविवार माझ्या शेजारी तिकीट खिडकीत येऊन बसावं. अकराच्या सुमारास एक गाडी येते. आधी मोठे काका उतरतात, मग आत्याबाई, मग मिठाईचा डबा, आणि सगळ्यात शेवटी नव्या शर्टात अवघडलेला एक पोरगा. "मोठे नऊ, लहान दोन," असं सांगून काका लगेच विचारतात, "बाई, परात चालू हाये नं?" भिंगं, आरसे, मान हलवणारा डायनासोर, यातलं कोणालाच काही नको असतं. परात बंद आहे म्हटलं तर गाडी दारातूनच मागे फिरते.

परातीचं खरं नाव फार मोठं आहे. पाटीवर 'अन्वस्तीय ध्वनी परावर्तक' असं लिहिलंय, आणि सात वर्षांत ती पाटी कोणी शेवटपर्यंत वाचलेली मी पाहिली नाही. ध्वनी दालनाच्या दोन टोकांना माणसाहून उंच अशा दोन खोलगट थाळ्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. मध्ये साठ फूट अंतर. प्रत्येक थाळीसमोर एक लोखंडी कडं. त्या कड्यापाशी थाळीकडे तोंड करून अगदी हळू बोललं, तरी पार तिकडच्या कड्यापाशी उभ्या माणसाला ते कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं. मध्ये बाकावर बसलेल्यांना ओ की ठो कळत नाही. ही गंमत केली होती लेकरांसाठी. पण लेकरं तिथे दोन मिनिटं किंचाळतात आणि पळून जातात, कारण हळू बोलणं त्यांना जमतच नाही.

मग ती मोठ्यांच्या हाती लागली, आणि ती लावून दिली सूर्यभानने.

सूर्यभान आमच्या ध्वनी दालनाचा सहायक. राहणार बडनेऱ्याचा, वय बावन्न, अंगाने काडी, खिशात कायम स्क्रू पिळायचा एक पेचकस. पंचवीस वर्षं त्याने लग्नांमध्ये लाऊडस्पीकर भाड्याने दिले. पुढे डीजेवाले आले, त्याचे भोंगे घरी पडले, आणि तो कंत्राटावर आमच्याकडे लागला. आयुष्य गोंगाटात काढलेला माणूस असा हळू बोलायचा की मला दर वेळी "काय म्हटलं भाऊ?" विचारावं लागे. रोज सकाळी तो ओल्या फडक्याने दोन्ही पराती पुसायचा. परात हे नावही त्याचंच.

दोन वर्षांपूर्वी वरूडचं एक संत्र्याच्या बागावालं कुटुंब मुलगी पाहायला अमरावतीत आलं. पोराच्या आईचं म्हणणं, आजकालचा जमाना आहे, पोरा-पोरीला एकटं बोलू द्या. पोरीच्या बापाचं म्हणणं, एकटं म्हणजे किती एकटं. मंदिरात गर्दी, हॉटेलात चारचौघं बघतात, घरात दाराला सतरा कान. वाद घालत घालत ही मंडळी, लहान पोरं कंटाळली म्हणून, आमच्याकडे आली. सूर्यभानने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्याले तिकडे उभं करा, हिले इकडे. दोघंही तुमच्या डोयासमोर, अन् बोलनं त्याईचं त्याईच्यापाशी." झालं. मध्ये साठ फूट, त्यातही दोघांच्या एकमेकांकडे पाठी. पोरीच्या बापालाही यात खोट काढता येईना. दहा मिनिटांत होकार आला आणि डायनासोरसमोर पेढे वाटले.

ही बातमी जी पसरली म्हणता. अमरावती, अकोला, परतवाडा, कुठून कुठून गाड्या. आमच्या मोहल्ल्यातलेही येऊ लागले, उगाच दुसऱ्यांना नावं काय ठेवायची. माझ्या नणंदेच्या लुबनाचं मागच्या साली परातीवरच ठरलं, मी स्वतः तिकीट फाडलं. आमचे साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, खूश. त्यांनी वार्षिक अहवालात लिहिलं की विभागातल्या युवक-युवतींमध्ये ध्वनिशास्त्राची लक्षणीय गोडी निर्माण झाली आहे. वरून शाबासकीचं पत्र आलं, ते त्यांनी चौकटीत लावलं.

सूर्यभानचे नियम कडक. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. घरच्यांनी बाकावरून उठायचं नाही. तो स्वतः मधोमध उभा राहायचा, आणि एखादी आत्याबाई पाणी पिण्याच्या निमित्ताने परातीकडे सरकली की हात आडवा धरायचा. नंतर लोक त्याच्या मागे लागत. "भाऊ, काय बोलली पोरगी, जराशी सांगा नं." तो म्हणायचा, "मी मशीनचा मानूस. आजवर एकाचंही आयकलं नाही, अन् आयकनार नाही." एकतीस लग्नं जुळली होती तिथे, आणि एकाही जोडप्याचा एक शब्द आपल्या कानावर पडला नाही याचा त्याला भारी अभिमान. चहा पिताना मला दर आठवड्याला तेच ऐकवायचा.

त्याची पोरगी प्राजक्ता. चोवीस वर्षांची, डीएमएलटी झालेली, एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. हात असा हलका की माझी साखर तपासली तेव्हा सुई कधी गेली ते कळलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या जागेसाठी ती परीक्षेचा अभ्यास करत होती. कधी बापाचा डबा घेऊन यायची, तेव्हा माझ्याशी दोन गोष्टी बोलायची. डिसेंबरात एकदा म्हणाली, "भाभी, बाबा हिवरखेडचं स्थळ पाहून राहिले. मले आत्ता लग्नच नाही करायचं. परीक्षा होऊ द्या, नोकरी लागू द्या, मंग पाहू."

"मग बापाला सांग की."

"सांगतलं. बाबा म्हनतात, आमच्यापाशी नोको सांगू, परातीवर सांगजो. थ्या परातीवर तुले जे बोलायचं ते बोल, कोन्या बापानं देल्ली नाही इतकी मोकळीक मी तुले देऊन राहिलो."

मी कपाळावर हात मारला. परातीवर सांगायचं म्हणजे सांगायचं कोणाला? पोराला. म्हणजे पोरीची ना त्या अनोळखी पोराच्या हातात द्यायची, आणि त्याने ती आपल्या घरच्यांपुढे मांडायची. एवढं साधं गणित त्या शहाण्याला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. मला तरी कुठे सुचलं होतं म्हणा, एकतीस वेळा तिकिटं फाडून.

"मग घरी रडून घे, जेवण सोड, काहीतरी कर," मी म्हटलं.

"कसं करू भाभी? साऱ्या जिल्ह्याच्या पोरी बाबाच्या परातीवर हो म्हनून राहिल्या. त्याईचीच पोरगी ना म्हनली तर लोक म्हनतीन, दिव्याखाली अंधार."

जानेवारीतल्या एका रविवारी हिवरखेडची मंडळी आली. पोरगा नितेश, त्याचे वडील खुशालराव, आई आणि एक आत्या. बारा एकर काळी, विहिरीला बारमाही पाणी, पोरगा एकुलता एक. नितेश बी.एस्सी. अ‍ॅग्री. करून शेतीच करत होता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. चार वर्षांपासून पोरी पाहणं चालू होतं. आजकाल आमच्याकडे शिपाई चालतो, कंपनीतला सुपरवायझर चालतो, पण पोरगा शेती करतो म्हटलं की समोरून चहासुद्धा येत नाही. जो पोरीचा बाप स्वतः शेतकरी, तोच म्हणतो, पोरगी शेतकऱ्याला देणार नाही. पोरगा वाईट नव्हता. माझ्याकडून तिकीट घेताना नमस्कार केला, आणि सुट्टे पैसे नव्हते तर मागे राहून वाट पाहिली. हे आजवर कोण्या नवरदेवाने केलेलं नाही.

मी खिडकी पंधरा मिनिटं बंद केली आणि आत गेले. सूर्यभानच्या बायकोने, गोदाबाईने, मला घरच्यासारखं बोलावलं होतं. सगळे मधल्या बाकांवर बसले. त्या बाकांच्या डोक्यावर डीएनएची मोठी रंगीत शिडी लटकवलेली आहे, जागा नव्हती म्हणून ती ध्वनी दालनात आणली. नितेश तिकडच्या कड्यापाशी गेला, प्राजक्ता इकडच्या. आणि सूर्यभान, जो एरवी आमच्या मधोमध उभा राहायचा, तो एकदम म्हणाला, "मांगचा बोल्ट ढिला झालाय, थो कसून येतो." हातात पाना घेऊन तो प्राजक्ताच्या परातीच्या मागे गेला.

मला तेव्हाच कळलं. बोल्ट ढिला नव्हता, तो महिन्यापूर्वीच पडला होता, आणि परातीच्या मधोमध बोटभर भोक राहिलं होतं. पोरगी त्या भोकाकडेच तोंड करून बोलत होती. पण मी बोलणार काय? बापाचं काळीज. दुसऱ्याच्या पोरींच्या वेळी तत्त्व पाळणं सोपं असतं.

त्याने जे ऐकलं ते मला नंतर सांगितलं. त्याला फक्त पोरीचंच बोलणं ऐकू आलं, पण ते पुरेसं होतं.

"मले आत्ता लग्न नाही करायचं. तुमी वाईट हा असं नाही." थोडा वेळ गप्प. "मनाविरुद्धची पोरगी तुमालेही नोको, तर मंग तुमीच ना म्हनून द्या नं." पुन्हा गप्प. "काहून नाही जमत? तुमाले तर बोलता येते घरी." मग बराच वेळ काहीच नाही. "चार वर्सात पह्यलीच? पह्यल्याच घरानं चहा पाजला म्हनून तुमी हो म्हनसान?" मग एकदम हळू, "मी ना म्हटली तर बाबाची मान खाली जाते. तुमी ना म्हटली तर तुमच्या घरचे तुमाले खातीन. मंग आता कसं करायचं?"

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ती अशी. दोघांनाही नको होतं, दोघांनी एकमेकांना तसं स्पष्ट सांगितलंही, फक्त घरच्यांना सांगायचं कोणी यावर दहा मिनिटं संपली.

दोघं बाकांपाशी परत आले. खुशालरावांनी विचारलं, "काय रे बावा?" नितेशने जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पसंत हाये." मग सगळ्यांनी प्राजक्ताकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. पाच-सात सेकंद झाले असतील. आत्याबाई म्हणाली, "लाजली पोरगी. लाजली म्हंजे होच." आणि खुशालरावांनी पिशवीतून नारळ काढला. नितेशची आई कुंकवाची डबी उघडून पुढे आली.

मी सूर्यभानकडे पाहिलं. तो परातीच्या मागून बाहेर आला होता, पाना हातातच. कुंकू कपाळाला लागलं की इकडे गोष्ट संपते, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"थांबा," तो म्हणाला. त्याचा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "जमनार नाही."

खुशालराव नारळ धरून तसेच थांबले. "काहून?"

सूर्यभान म्हणाला, "एकनाडी हाये."

"कोन म्हनते?"

"आताच जोशीबुवाचा फोन आलता. म्हनून तर मी मांगं गेलतो. दोघाईची एकच नाडी."

असा कोणताही फोन आला नव्हता. जोशीबुवाकडे पत्रिका दिलीच नव्हती. पण काय सांगू, डीएनएच्या शिडीखाली बसलेल्या त्या सगळ्या मंडळींनी एकदम माना हलवल्या. आत्याबाई म्हणाली, "एकनाडीत लेकरं होत नाहीत, माह्या मावसबहिनीचं पाहा." नितेशच्या आईने डबीचं झाकण लावलं. खुशालराव जरा हिरमुसले, पण रागावले नाहीत. ग्रहापुढे कोणाचं काय चालतं, म्हणाले. नारळ पुन्हा पिशवीत गेला. नितेशने जाताना सूर्यभानचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. गोदाबाईला वाटलं, पोराला फार वाईट वाटलं.

गाडी गेली तशी प्राजक्ता बापासमोर येऊन उभी राहिली. "तुमी आयकलं," ती म्हणाली.

"हो."

"मंग नाडी काहून सांगतली? मी ना म्हनून राहिली, असं काहून नाही सांगतलं?"

सूर्यभान म्हणाला, "तुह्यी ना त्याईनं आयकली नसती, बाई. समजावत बसले असते. नाडी आयकली पाहा, एका शब्दात."

"त्याईचं जाऊ द्या. तुमी तर आयकली होती नं? तुमालेही नाडीच आठवली."

ती रडत नव्हती, चांगली संतापलेली होती. असं बोलून ती बसस्टॉपकडे निघून गेली. सूर्यभान बाकावर बसला. थोड्या वेळाने मला म्हणाला, "भाभी, त्या एकतीसमधल्या किती पोरी असंच बोलल्या असतीन?" मला लुबना आठवली. पाठ आमच्याकडे करून, ओढणी सावरत कड्यापाशी उभी होती ती. तिला फोन करून विचारावं असं चार-पाचदा मनात आलं, पण माझा धीर झाला नाही.

पुढची गंमत बघा. त्या दिवशी दालनात एका शाळेची सहल होती. त्यांच्या गुरुजींनी एकनाडीचं ऐकलं आणि साहेबांकडे लेखी तक्रार दिली, की विज्ञान केंद्राचा कर्मचारी आवारात अंधश्रद्धा पसरवतो. साहेब हादरले. हे तेच साहेब, ज्यांनी नवीन तारांगण राहुकाळ टाळून दहा चाळीसला उघडलं होतं आणि तोवर पाहुण्यांना उन्हात ताटकळत ठेवलं होतं. त्यांनी सूर्यभानला नोटीस दिली. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

खुलासा माझ्याच खिडकीवर लिहिला गेला. प्राजक्ता डबा घेऊन आली होती, बापाशी आठवडाभर धड बोलत नव्हती. सूर्यभानने लिहिलेला कागद तिच्यापुढे सरकवला. त्यात होतं, की एकनाडीची गोष्ट खोटी आहे, मी परातीमागून मुलीचं बोलणं चोरून ऐकलं, मुलीला मुलगा पसंत नव्हता.

प्राजक्ताने वाचलं आणि पेन मागून शेवटची ओळ खोडली. "पसंत नव्हता असं नाही," ती म्हणाली. "पोरगा चांगला होता, त्याले काहून बदनाम करता? असं लिहा. माझ्या मुलीला सध्या लग्न करायचं नाही. तिने मला हे आधी घरी सांगितलं होतं. मी ते ऐकून घेतलं नाही."

सूर्यभानने तिच्याकडे पाहिलं, मग नवीन कागद घेतला. ती सांगत गेली आणि तो लिहीत गेला. 'ऐकून घेतलं नाही' पाशी त्याचा हात जरा थांबला, पण लिहिलं.

साहेबांनी खुलासा वाचून त्याला आत बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मला काही चोरून ऐकावं लागलं नाही. साहेब म्हणाले, "सूर्यभान, नाडीचं काय, कोणाच्याही तोंडातून निघतं. 'अनवधानाने' असा शब्द टाका, मी ताकीद देऊन मिटवतो. पण परातीमागून ऐकता येतं हे लेखी देऊ नका हो. बाहेर कळलं तर रविवारी कोण येईल?"

"साहेब, जे झालं थे लिहिलं."

"हे कारण फायलीत बसत नाही. दुसरं द्या."

"दुसरं नाही," सूर्यभान म्हणाला.

साहेबांनी कागद ठेवून घेतला आणि विचार करतो म्हणाले. कदाचित विचार लांबलाही असता. पण सूर्यभानने पुढचे दोन रविवार एक नवीनच सुरू केलं. पोरगी कड्याकडे निघाली की तिला सगळ्यांदेखत सांगायचा, "बाई, ना असन तर तिथं नोको सांगू. इथं येऊन मोठ्यानं सांग, तुह्या बापाले मी सांभायतो." दोन रविवारांत तीन स्थळं मोडली. एका पोरीने तर परातीपर्यंत जायचीही तसदी घेतली नाही, बाकावर बसूनच नाही म्हणाली. तिसऱ्या रविवारी साहेबांचा विचार पूर्ण झाला आणि सूर्यभानचं कंत्राट संपलं. भोक बुजवलं, नवीन माणूस आला. गाड्या आजही येतात.

मार्चमध्ये ईद झाली. मी शीरखुर्म्याचा डबा घेऊन बडनेऱ्याला सूर्यभानच्या घरी गेले. गोदाबाई माझ्याशी नीट बोलली, पण नवऱ्याशी बोलताना भांडं आपटूनच बोलत होती. घरात बसलेला माणूस आणि बिनलग्नाची पोरगी, दोन्ही तिच्याच डोक्यावर. प्राजक्ता आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती, परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

तेवढ्यात सूर्यभानचा फोन वाजला. अकोल्याचं कोणीतरी, स्थळ घेऊन. आवाज इतका दणदणीत की बाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. पोरगा सरकारी नोकरीत, स्वतःचं घर, रविवारी येतो म्हणत होते. गोदाबाई दारात येऊन उभी राहिली आणि हाताने खुणा करायला लागली, की हो म्हणा, हो म्हणा. सूर्यभानने तिच्याकडे एकदा पाहिलं.

"थांबा जरा," तो फोनवर म्हणाला. "जिचं लग्न हाये, तिले इचारा." आणि आत जाऊन फोन प्राजक्तापुढे धरला.

तिने पुस्तकात बोट ठेवून फोन घेतला. "नमस्कार काका. मी प्राजक्ता. नाही, मले सध्या लग्न नाही करायचं." तिकडून काहीतरी लांबलचक बोलणं आलं, समजुतीचं. तिने ते ऐकून घेतलं, पुन्हा एकदा "नाही" म्हणाली आणि फोन बापाला परत दिला.

सूर्यभानने फोन कानाला लावला. तिकडचे गृहस्थ हसत म्हणत होते, पोरीच्या जातीचं काय मनावर घेता, तुम्ही बाप आहात, तुम्ही सांगा.

"मी काय सांगू," सूर्यभान म्हणाला. "तिनं सांगतलं नं. आयकलं की नाही तुमी?"